हजाराला किती?

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याचा साखरपुडा झाला. जेवणे आटोपल्यावर त्याचे हिंजवडीतले मित्र हॉलच्या मागच्या अंगणात जमले आणि तिथे एक डबी उघडली गेली. आमच्या घरात सिगार ही वस्तू तोवर फक्त सिनेमातल्या खलनायकाच्या तोंडात पाहिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा दोन उरलेल्या सिगार घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही एकाच आकाराच्या, साधारण पाच इंच लांब, अंगठ्याएवढ्या जाड. रंगातही फारसा फरक नाही.

"मामा, तुम्ही कॉस्टिंगवाले. ही साडेनऊशेला घेतली, डॉमिनिकन रिपब्लिकची. आणि ही चार हजार सातशेला, क्युबाची. ओढताना कुणालाच फरक कळला नाही. मला फसवलं का?"

मी स्वतः सिगारेटही ओढत नाही. पण छत्तीस वर्षे कारखान्यांची परिव्ययपत्रके तयार करण्यात गेली, त्यामुळे एखाद्या वस्तूची किंमत कशाकशाने बनली हे उलगडल्याशिवाय मला झोप येत नाही. आणखी एक कारण होते. आतल्या खोलीत बसलेल्या माझ्या आईने, अम्माने, आमचे बोलणे ऐकले होते. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. अम्माने भवानी पेठेत एकतीस वर्षे विड्या वळल्या. तिने आतूनच विचारले, "करणाऱ्याला हजाराला किती मिळतात?"

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी वर्षभर या दुसऱ्या प्रश्नापाशीच अडखळत राहिलो. तेव्हा हा लेख दोघांसाठीही आहे.

आधी दुकानातून मागे जाऊ. आपल्याकडे सिगार आयात करायची म्हणजे सीमाशुल्क आले, त्यावर अधिभार आला. जुलै २०१७ पासून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत त्यावर २८ टक्के जीएसटी होता आणि शिवाय नुकसानभरपाई उपकर. या उपकराची रचना मजेशीर होती: किमतीच्या २१ टक्के किंवा हजार नगांना ४,१७० रुपये, यांतले जे जास्त असेल ते. हजाराला ४,१७० म्हणजे एका नगाला चार रुपये सतरा पैसे. वीस रुपयांच्या आतल्या चिरुटाला हा ठोक आकडा जाचायचा. महाग सिगारला तो लागूच होत नसे, तिथे २१ टक्के लागायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तंबाखूसाठी नवे दर ठरवले, पण त्यांचा अंमल तेव्हा पुढे ढकलला होता. मी हिशेब केला तो भाच्याने खरेदी केली तेव्हाच्या दरांचा.

सोयीसाठी धरू की सगळे कर मिळून बंदरावरची किंमत दुप्पट होते. त्यानंतर आयातदाराने पंचवीस टक्के ठेवले आणि दुकानदारानेही पंचवीस टक्के. म्हणजे बंदरावरच्या शंभर रुपयांचे काउंटरवर ३१२ रुपये ५० पैसे होतात. आता भाच्याची पावती उलटी वाचू. साडेनऊशेची सिगार बंदरावर उतरली तेव्हा सुमारे ३०४ रुपयांची होती, आणि चार हजार सातशेची सुमारे १,५०४ रुपयांची. काउंटरवरचा ३,७५० रुपयांचा फरक बंदरावर बाराशेच होता. मधले अडीच हजार सरकारने आणि व्यापाराने घातले.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. "टॅक्समुळे महाग" हे उत्तर दोन्ही सिगार महाग का, याचे आहे. एक दुसरीच्या पाचपट का, याचे नाही. टक्केवारीने लागणारा बोजा रुपयांतला फरक फुगवतो, पण प्रमाण जसेच्या तसे ठेवतो. पाचपट बंदरावरही पाचपटच होते. उलट, विमानाचे भाडे, वेष्टनावर ८५ टक्के जागा व्यापणारी सचित्र सूचना लावणे, दमट कपाटातली साठवण हे खर्च नगावर पडतात, किमतीवर नाही. ते प्रमाण थोडे कमीच करतात. म्हणजे उत्तर समुद्रापलीकडे आहे.

(कर चुकवून आलेल्या मालाची गोष्ट वेगळी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला पंचवीस सिगार बिनशुल्क आणता येतात. त्यामुळे एकाच नावाच्या सिगारला पुण्यात तीन भाव सापडतात: कर भरून आलेल्या मालाचा, कुणाच्या बॅगेतून आलेल्या मालाचा आणि चोरट्या वाटेने आलेल्या मालाचा. वेष्टनावर आपल्याकडची सचित्र सूचना नसेल तर तो माल रीतसर विक्रीसाठी आलेला नाही, एवढे ग्राहकाने ओळखावे.)

हिशेब इथवर आला तेव्हा मी अम्माला म्हणालो, आता आत काय आहे ते पाहायला हवे. तिने काही न बोलता आपली कात्री मागितली. पान कापायची ती जुनी कात्री अजून तिच्या पेटीत आहे. भाचा हं-हं म्हणेपर्यंत तिने चार हजार सातशेची सिगार उभी चिरली.

सुपात तीन गोष्टी पडल्या. सर्वांत बाहेर एक पातळ, तेलकट चकाकीचे, रेशमासारखे पान, तिरपे गुंडाळलेले. त्याखाली एक जाडसर, राकट पान. आणि आत लांबच्या लांब, टोकापासून टोकापर्यंत गेलेली चार-पाच पाने, जपानी पंख्यासारखी चुण्या घालून धरलेली. अम्माने आतले पान बोटात चोळले, नाकाशी नेले. "हा जर्दा नाही. अख्खं पान आहे," ती म्हणाली. मग दुसरीही चिरली. तीही अख्ख्या पानांचीच निघाली. म्हणजे दोन्ही खऱ्या हातवळणीच्या. स्वस्त, यंत्राच्या सिगारमध्ये आत पानांचा चुरा असतो. तो भराभर जळतो आणि जिभेला चटका देतो. चुरा की अख्खे पान, ही किमतीतली पहिली मोठी पायरी. भाच्याच्या दोन्ही सिगार ती पायरी चढलेल्या होत्या.

आतली पानेही सारखी नसतात. तंबाखूच्या झाडाचे खालचे पान पातळ. ते नीट पेटते, पण चव बेताची. क्युबात त्याला व्होलाडो म्हणतात. मधले सेको, सुगंधाचे. शेंड्याजवळचे लिहेरो, ऊन त्यालाच जास्त मिळते, म्हणून ते जाड, तेलकट आणि जहाल. लिहेरो सावकाश जळते, म्हणून वळणारा ते बरोबर मध्यभागी ठेवतो. बाजूला सरकले तर सिगार एकीकडूनच जळत जाते. हे पान मऊ पडायला दोन वर्षे आणि त्याहून जास्त काळ ठेवावे लागते.

ठेवायचे म्हणजे नुसते कोठारात टाकायचे नाही. ओल्या गवताची गंजी आतून तापते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तंबाखूची पाने ओलसर करून रचली की तसेच होते. गंजीच्या पोटात उष्णता वाढते, पानातला अमोनिया उडून जातो, उग्रपणा कमी होतो. ठरावीक तापमानापुढे गेली की गंजी मोडून, वरची पाने खाली आणि खालची वर करून पुन्हा रचायची. क्युबाच्या 'कोहिबा' या नाममुद्रेत सेको आणि लिहेरो पानांना पिंपांत घालून तिसऱ्यांदा आंबवतात. या सगळ्या काळात पैसा अडकून पडतो.

किती? माझ्या धंद्याचा हा आवडता हिशेब. शंभर रुपयांचे पान एक वर्ष ठेवले आणि पैशाचा भाव १२ टक्के धरला, तर ते ११२ रुपयांचे होते. तीन वर्षे ठेवले तर १४० चे. पाच वर्षे ठेवले तर १७६ चे. म्हणजे नुसत्या मुरण्याने किंमत पावणेदोनपट होऊ शकते, पाचपट नाही. 'अनेक वर्षे मुरवलेली' ही जाहिरात खरी असली तरी ती सगळ्या किमतीचा भार उचलत नाही.

आता ते बाहेरचे रेशमी पान. वजनाने सिगारचा हा लहानसा भाग, पण नगामागे सर्वांत महाग पान हेच. त्यावर डाग नको, भोक नको, जाड शीर नको, आणि ताणल्यावर फाटता कामा नये. असे पान मिळावे म्हणून क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात अख्ख्या शेतावर कापडाचा मांडव घालतात. अमेरिकेतल्या कनेटिकट खोऱ्यातही हीच पद्धत आहे. इक्वेडोरमध्ये ढगच इतके असतात की मांडवाचा खर्च वाचतो. एवढे करूनही सगळी पाने उतरत नाहीत. जी नापास होतात ती आतल्या बांधणीला किंवा भरणीला कमी भावाने जातात. शंभर पानांपैकी समजा तीसच वेष्टनाला लागली, तर उरलेल्या सत्तरांवरचा मांडव, मजुरी आणि आगाऊ निगा यांचा बराचसा खर्च त्या तिसांच्या डोक्यावर बसतो. त्यातही एका डबीतल्या पंचवीस सिगार शेजारी शेजारी ठेवल्यावर एका छटेच्या दिसायला हव्यात, म्हणून रंगजुळणीला वेगळे कामगार असतात. वजन बघतात, हवा ओढून वाट मोकळी आहे का ते यंत्राने तपासतात. जी पास होत नाही ती बाहेर.

मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा अम्मा म्हणाली, "म्हणजे छाट."

विडीच्या धंद्यात छाट म्हणजे नापास विडी. हजार विड्या घेऊन कारखान्यात जायचे, तिथे तपासणारा मूठभर उचलून दाबून बघायचा आणि 'ढिली', 'तोंड उघडं', 'पान फाटकं' असे म्हणत बाजूला टाकायचा. त्या बाजूला टाकलेल्या विड्यांची मजुरी नाही. पान आणि जर्दा मोजून दिलेला, तेव्हा भरपाईच्या विड्या वेगळ्या आणायच्या. आमच्या एका कारखान्यात सणाच्या आधी छाट हमखास वाढायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना अम्माबरोबर जात असे, आणि बाजूला टाकलेली विडी नंतर पुन्हा कट्ट्यात बांधली जाताना मी स्वतः पाहिली आहे. घरी येऊन सांगितले तेव्हा अम्मा म्हणाली, बोलू नकोस, उद्या पान कमी देतील.

या एका जागी दोन्ही धंद्यांचा फरक मला इतका स्वच्छ दिसला की ताळेबंदाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवाव्यात. नापास मालाचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. महागड्या सिगारमध्ये तो गिऱ्हाइकाच्या बिलात घातला जातो आणि त्याला 'दर्जा' म्हणतात. विडीत तो वळणारीच्या मजुरीतून कापला जायचा.

आपल्या कायद्याला मात्र हे दोन धंदे वेगळे वाटले नाहीत. १९६६ मध्ये संसदेने जो कायदा केला त्याचे नावच 'विडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम' असे होते. तेव्हा तमिळनाडूत त्रिची आणि दिंडिगुल भागात चिरुटांचा धंदा होता; मुळात 'चिरूट' हा शब्दच तमिळ 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळीवरून आला. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो राख बघून ती त्रिचनापल्ली चिरुटाची आहे हे ओळखतो, ती हीच त्रिची. तर या कायद्याच्या ३९व्या कलमात कच्च्या मालाचे वाटप, नापास केलेल्या विड्या-सिगार आणि त्यांची मजुरी, अशा तिन्ही तंट्यांचा उल्लेख होता. कायदा लिहिणाऱ्याने कुठल्यातरी कारखान्याच्या दारात उभे राहून पाहिले असावे.

त्या कायद्याची गरज का पडली त्याचा एक धागा आपल्या सिन्नरला जातो. तिथल्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बहुमताने असा निकाल दिला की हवे तेव्हा येणारा, हवे तेव्हा जाणारा आणि नगावर मजुरी घेणारा विडी वळणारा हा कारखाना कायद्याच्या अर्थाने 'कामगार' ठरत नाही. पाच वर्षांनी नव्या कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. माझे बी. कॉम. त्या शिष्यवृत्तीवर झाले. पैसा विड्यांवरच्या उपकरातून यायचा. जीएसटी आल्यावर तो उपकर गेला.

योगायोग पाहा, ज्या १९६६ साली आपल्याकडे हा कायदा झाला त्याच साली हवानात कोहिबा ही नाममुद्रा जन्मली. सुरुवातीला ती फिडेल कॅस्ट्रो आणि परदेशी पाहुण्यांपुरती होती; सामान्य गिऱ्हाइकाला ती १९८२ मध्ये मिळू लागली. ती ज्या एल लागितो कारखान्यात बनते तिथे वळणाऱ्या म्हणून स्त्रियांना घेतले गेले. तोवर क्युबात हे पुरुषांचे काम मानले जाई. अम्माला हे सांगितल्यावर ती हसली. आमच्याकडे पुरुष माग चालवायचे आणि मागाला काम नसले की बायकांच्या विड्यांवर घर चालायचे.

मजुरीकडे वळू. आकारानुसार एक कुशल वळणारा दिवसाला साठ ते दीडशे सिगार करतो. सरासरी शंभर धरू. अम्मा भरात असताना दिवसाला हजार विड्या वळायची. म्हणजे एका सिगारला पाच मिनिटे, एका विडीला अर्धा मिनिट. हाताच्या वेळेत फरक दहापट. तंबाखूच्या वजनात फरक पन्नासपट, कारण विडीत पाव ग्रॅमच्या आत जर्दा असतो आणि या आकाराच्या सिगारमध्ये दहा-बारा ग्रॅम पान. किमतीत फरक मात्र साडेचार हजार पट. हाताने हे अंतर कापले जात नाही.

दोन सिगारींमध्येही तसेच. दोन्ही एकाच आकाराच्या, तेव्हा हाताची मिनिटे सारखीच. निमुळत्या, दोन्ही टोकांना टोकदार आकाराला जास्त वेळ आणि वरच्या श्रेणीचा कारागीर लागतो, पण इथे तो मुद्दा नव्हता. मी मुद्दाम हात सैल सोडून हिशेब केला. वळणाऱ्याला दिवसाचे दीड हजार रुपये मिळतात असे धरले, तरी एका सिगारमागे पंधरा रुपये पडतात. चार हजार सातशेतले पंधरा.

मग उरले काय? बंदरावरच्या ३०४ आणि १,५०४ यांतले अंतर पानाच्या वयाने आणि वेष्टनाच्या निवडीने भरून काढायला गेलो तर माझा हिशेब दुप्पट-अडीचपटीपाशी थांबतो. म्हणजे साडेसातशे. पुढचे साडेसातशे पानाचे नाहीत, हाताचे नाहीत. ते नावाचे आणि टंचाईचे आहेत.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत याची जवळजवळ प्रयोगासारखी परीक्षाच झाली. क्युबाच्या सगळ्या सिगार जगभर विकण्याचा हक्क आबानोस या एकाच कंपनीकडे आहे आणि तिचा निम्मा हिस्सा क्युबा सरकारचा. २०२२ मध्ये या कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन नाममुद्रांचे भाव जगभर एका पातळीवर आणायचे ठरवले. ती पातळी हाँगकाँगची, म्हणजे सर्वांत महाग बाजारांपैकी एकाची. युरोपात एका रात्रीत काही सिगारींचे भाव दुपटीच्या पुढे गेले. पान तेच, हात तेच, डबीही तीच. बदलला तो फक्त कंपनीचा अंदाज, की चीन आणि हाँगकाँगचा शौकीन एवढे देतो तर इतरांनी का देऊ नये. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी 'इयान' वादळ पिनार देल रिओवर आदळले. तंबाखू सुकवायच्या हजारो लाकडी वाड्या जमीनदोस्त झाल्या आणि टंचाई खरोखरची झाली.

टंचाईला राजकारणाचीही फोडणी आहे. फेब्रुवारी १९६२ पासून अमेरिकेने क्युबावर व्यापारबंदी घातली. क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्या कारखानदारांनी आपली नावे बरोबर नेली. म्हणून मॉन्टेक्रिस्टो, पार्तागास, रोमिओ ई हुलिएता ही नावे आज दोन वेगवेगळ्या कंपन्या दोन वेगवेगळ्या पानांवर लावतात. अमेरिकेत विकली जाते ती डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या ठिकाणची. नाव एक, माल दोन, भाव दोन. भाच्याच्या मित्रांपैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते.

नावाचा दर किती असतो हे आपण पुणेकरांना नवीन नको. संभाजी विडीच्या नावावर आक्षेप आल्यानंतर साबळे-वाघिरे कंपनीने ते नाव सोडून 'साबळे विडी' केले. पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून वेष्टनाचा तोंडवळा ओळखीचा ठेवायला अशा धंद्यात किती धडपड करावी लागते ते कुठल्याही पानपट्टीवाल्याला विचारा. विडीत नावाने गिऱ्हाईक टिकते, भाव वाढत नाही. विडी ओढणारा दोन रुपयांनी कट्टा महागला की दुसरा कट्टा घेतो. सिगारचे उलटे आहे. साखरपुड्याला आणलेली सिगार स्वस्त आहे असे कळले असते तर डबी उघडताना जो आवाज झाला तो झाला नसता.

मधे एक दिवस निपाणीला जाऊन आलो. जुन्या नोकरीत तिथल्या एका वखारीचे हिशेब मी पाहत असे. निपाणी पुणे-बंगळूर रस्त्यावरचे, बेळगाव जिल्ह्यातले मराठी बोलणारे गाव, आणि विडीच्या जर्द्याचे मोठे पेठस्थान. वखारीतल्या एका जुन्या जाणकाराने पान उजेडाला धरून दाखवले: विडीच्या तंबाखूवर तांबूस ठिपके भरपूर असले की पान चांगले पिकले असे मानतात, त्याला भाव येतो. मी मनात म्हटले, ज्या ठिपक्याला इथे भाव, तोच पलीकडे सिगारच्या वेष्टनावर आला तर पान नापास. ठिपका तोच. तो चांगला की वाईट हे विकत घेणारा ठरवतो, पिकवणारा नाही. निपाणीच्या शेतकऱ्याला हे फार आधीपासून माहीत होते. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी याच महामार्गावर बैलगाड्या घेऊन बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी कित्येकांचा जीव गेला. वखारीतल्या बायकांची गोष्ट त्यानंतरच्या वर्षी 'तंबाखू चाकिला ऊब आली' या माहितीपटात युगांतर गटाच्या स्त्रियांनी सांगितली. चाळणीवर चाळणी हलवणाऱ्या त्या बायकांच्या नाकातोंडात धुळा जातो तो त्यात दिसतो. अम्माला खोकला आहे तो त्या धुळ्याचाच; डॉक्टरांनी एक्स-रे बघून एवढेच विचारले होते की तुम्ही कुठल्या कारखान्यात होता.

भाच्याला मी कागदावर हिशेब मांडून दिला. चार हजार सातशेपैकी साधारण तीन हजार दोनशे कर आणि व्यापाराचे. उरलेल्या दीड हजारातले सातशे-साडेसातशे नावाचे आणि टंचाईचे. बाकीच्यात पान, त्याची पाच वर्षे, मांडव, नापास पाने, देवदाराची डबी, आणि पंधरा रुपये हाताचे. फसवले का? सिगार खरी होती, म्हणून त्या अर्थाने नाही. एक सावधगिरी सांगितली: क्युबन डबीवर सरकारी हमीचे शिक्के असतात, पण सुटी सिगार घेतली की ते शिक्के दुकानातच राहतात, काचेचे झाकण असलेली 'क्युबन' डबी कुणी दाखवली तर सरळ चालू लागावे. आणि दोन्हींचा धूर फुप्फुसाला आणि तोंडाला सारखाच वाईट, हे मामा म्हणून सांगितले. तो म्हणाला, ते डबीवर छापलंय.

अम्माच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. मी म्हणालो, हजाराला पंधरा हजार, तेही मी हात सैल सोडून धरले; खरे त्याहून कमीच असणार. तिने थोडा वेळ हिशेब केला. "पण त्यांनाही नगावरच ना?" बऱ्याच कारखान्यांत नगावरच, मी म्हणालो. क्युबातल्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून एक वाचक नेमलेला असतो, तो उंच जागी बसून वळणाऱ्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. मॉन्टेक्रिस्टो हे नाव अशाच एका कादंबरीवरून पडले. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही हीच रीत होती, हेही सांगितले. हे तिला सगळ्यांत जास्त आवडले. आमच्या वाड्यात सहावीतल्या मुलाने पेपर वाचायचा आणि बायकांनी वळायचे असा रिवाज होता, आणि सहावीतला मुलगा बराच काळ मीच होतो.

चिरलेल्या सिगारची पाने सुपात तशीच पडली होती. अम्माने ते रेशमी पान पाण्याच्या बोटाने ओलसर केले, मांडीवर पसरले, बाकीची पाने चिमटीने जुळवून त्यावर ठेवली आणि वळायला घेतले. डिंकाऐवजी तिने दोरा मागितला. दोन मिनिटांत सिगार पुन्हा उभी राहिली, जराशी बारीक, आणि टोकाशी विडीसारखी लाल दोऱ्याने बांधलेली. भाच्याकडे देत ती म्हणाली, "घे. छाट नाही निघणार."